पाय न काढणारा

बीड जिल्ह्यात गाडी घेणारे पुष्कळ आहेत. गाडीतलं 'कळणारा' मात्र तालुक्याला एखादाच. आष्टी असो, माजलगाव असो की केज, तो ओळखायला सोपा. नवी गाडी घेऊन तुम्ही पेढे द्यायला गेलात की पेढा तोंडात टाकायच्या आधी तो बॉनेट उघडायला लावतो, आत डोकावून "हं" म्हणतो, आणि त्या एका "हं"मध्ये तुमची दहा-बारा लाखांची गाडी जुन्या बाजारात जाऊन उभी राहते.

वय अठ्ठावीस, आणि ते काही केल्या पुढं सरकत नाही. घरी कापूस, थोडा ऊस, बांधावरून भावकीशी चाललेला दावा. बाप अजून कृषी सेवा केंद्राच्या गल्ल्यावर बसतो, म्हणून पोराला लोक शेठ म्हणतात. दारात सहा गिअरची टर्बो पेट्रोल गाडी. ऑटोमॅटिकचं नाव काढलं तर शेठ असा चेहरा करतो, जणू कुणी चारचौघांत त्याच्या मर्दानगीवर शंका घेतली.

सध्या पाय न काढता गिअर टाकायचं खूळ आहे. तुम्ही-आम्ही रेसवरचा पाय काढतो, क्लच दाबतो, गिअर टाकतो, क्लच सोडून पुन्हा रेस देतो. शेठच्या मते हा सगळा भित्र्यांचा कार्यक्रम. "पाय काढला की टर्बोचं प्रेशर पडतं. परत हवा भरस्तोवर गाडी मेली का नाय? कामून काढायचा पाय?"

यात खोटं काही नाही. रेस सोडली की इंजिनात जाणारी हवा तुटते, टर्बो ढिला पडतो, आणि पुढच्या गिअरात गाडी क्षणभर दम खाते. म्हणून रेस दाबलेलीच ठेवायची, क्लचला नुसता झटका द्यायचा आणि त्या झटक्यातच दांडा सरकवायचा. पण क्लच दाबला की इंजिनावरचा भार जातो, आणि रेस तशीच असेल तर ते बोंबलत सुटतं. शेव्हरोलेने 2008 सालच्या कोबाल्ट एसएस या टर्बो गाडीत यावर कंपनीतूनच तोड दिली होती. क्लच दबलाय आणि रेसही दबलेली आहे, हे दिसलं की गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाला आवरून धरायचा. शेठ ही कोबाल्टची कथा शिवचरित्र सांगावं तशी सांगतो. आपल्या गाडीत तो कॉम्प्युटर नाही, एवढी एक ओळ तो गाळतो.

प्रात्यक्षिकाला बीड ते मांजरसुंबा हा रस्ता ठरलेला. शेठ चपला काढून सीटखाली सारतो. काच खाली, टर्बोचा 'फुस्स' लोकांना ऐकू गेला पाहिजे. पुष्कराजाची अंगठी गिअरच्या गोळ्यावर टेकते. पहिला, रेस, आणि दुसऱ्याला खाडकन. इंजिन किंचाळतं, खालून 'कर्रर्र' येतं, मागे बसलेल्याचं डोकं आधी सीटला आणि मग पुढच्याच्या मानेला लागतं. तिसरा पडेपर्यंत गाडीत करपल्याचा वास पसरलेला असतो. "म्होरल्या ट्रकचा असंल," असं म्हणून शेठ काच वर करतो. वास आतच राहतो.

एवढ्यात घाट येतो आणि घाटात ऊस. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागे दिवा नाही, टेप मात्र पंचक्रोशीला ऐकू जाईल असा. तीन गिअरांत मिळून वाचवलेला अर्धा-पाऊण सेकंद शेठ त्या ट्रॉलीमागे पहिल्या गिअरात भरून देतो. उरलेला हिशेब धाब्यावर, दोन चहा आणि एक तास व्याख्यान.

गंमत म्हणजे खरा वस्ताद घरातच आहे. शेठच्या चुलत्यांनी, आप्पांनी, उमेदीची सगळी वर्षं ऊसतोडीच्या टोळ्या ट्रकात घालून सांगली-कोल्हापूरकडे नेल्या. त्या जुन्या गिअरबॉक्सला लाड ठाऊक नव्हते. डबल क्लच मारल्याशिवाय गिअर पडायचाच नाही. क्लच गेला तरी आप्पा इंजिनाचा आवाज ऐकून, रेस नेमकी सोडून गिअर पाडत, आणि मागच्या पाळण्यातलं लेकरू हलत नसे. हल्ली ते ओसरीवर बसून पुतण्याची गाडी वेशीपासून ऐकतात. "पाय कवा काढायचा हे कळायला मला धा वर्सं गेली," ते म्हणतात, "आन् ह्यो म्हणतो, काढूच नगं."

शेवटी गाडीने क्लच धरायचं सोडलं. रेस वाढे, गाडी वाढेना. मिस्त्रीने गिअरबॉक्स उतरवून क्लच प्लेट हातात घेतली. अस्तर झिजून रिव्हेट वर आलेले, प्रेशर प्लेटवर तापून निळे डाग. त्याने ती उलटीपालटी केली आणि सहज विचारलं, "शेठ, गाडी शिकायला कुणाला देली होती का?"

"व्हय," शेठ म्हणाला. "पाहुण्याचं पोरगं हाय एक."

सामान यायला आठवडा होता. शेठ गेवराईला एसटीने निघाला आणि अर्थातच ड्रायव्हरच्या मागची सीट धरून बसला. बस गावाबाहेर पडेपर्यंत त्याने कसंबसं सोसलं. मग पुढं वाकून म्हणाला, "मामा, दर गिअरला पाय काढायलाव तुम्ही. पिकअप मरतोय."

मामांनी आरशात बघितलं, पाय काढला, निवांत चौथा टाकला. "दहा लिटरला किती किलोमीटर पडले ते डेपोत रोज लिहून घेत्यात, शेठ," ते म्हणाले. "तुमी उतरा गेवराईला. तिथं मला सही करायचीय."