अर्थिंगअण्णा

प्रत्येक पेठेत हा माणूस असतोच. घरात कॉम्प्युटर, त्याला यूएसबीनं जोडलेला साउंड कार्डाचा डबा, भिंतीला अंड्यांचे रिकामे ट्रे आणि गळ्यात कायम हेडफोन. ‘या एकदा, रेकॉर्डिंग करू,’ असं तो निम्म्या कोल्हापूरला सांगून बसलेला असतो. तुम्ही हौसेनं जाता, घसा खाकरता, आणि हा बोट वर करून डोळे मिटतो. ‘थांबा. हमिंग येतंय.’

मंगळवार पेठेतल्या आमच्या अण्णाला हे हमिंग झोपेतही ऐकू येतं, आणि त्याचं निदान एकच: अर्थिंग. कॉम्प्युटरचा चार्जर काढला की गुणगुण थांबते, लावला की सुरू होते, हे शेंबडं पोरही सांगेल. घरातली 50 हर्ट्झची वीज दोन वाटांनी जमिनीला भिडली की त्या फेऱ्यातून ती तारेत शिरते, एवढंच. पण अण्णा चार्जर काढत नाही. तो परसात जातो. तिथं मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा आहे आणि त्यात बादलीभर पाणी ओतल्याशिवाय माइकला हात लावायचा नाही, असा त्याचा नेम आहे.

‘खड्ड्याला पाणी घातलंस काय गं?’

‘तुळशीला घातलंय. तेवढं बास,’ वहिनी आतून.

पुढं पुढं हा खड्डा त्याच्या बोलण्यातच आला. नगरसेवकानं पक्ष बदलला, तर ‘त्याला अर्थिंगच न्हाई.’ जावई घुम्यासारखा बसला, तर ‘अर्थिंग लूज आहे.’ एकदा पांढरा रस्सा बिघडला तेव्हाही तो वाटीकडं त्याच नजरेनं बघत होता, पण वहिनी समोर होत्या म्हणून गप्प बसला.

भजनी मंडळाची गोष्ट तर गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. कॉम्प्युटर आवाज घासाघासानं घेतो. त्या घासाला म्हणायचं बफर. अण्णाचा बफर 1024 नमुन्यांचा. सेकंदाला 44,100 नमुन्यांच्या हिशेबानं असा एक घास भरायलाच 23 मिलिसेकंद लागतात; आत जाताना तेवढे, बाहेर येताना तेवढे. पखवाजवाल्याला आपलीच थाप हेडफोनमध्ये उशिरा यायला लागली. तो थांबून तिची वाट बघू लागला, त्याच्यासाठी बुवा थांबले, बुवांसाठी टाळ थांबले. गजर असा संथ झाला की एक टाळकरी मधेच चहा पिऊन आला आणि त्याचं काहीही चुकलं नाही. अण्णानं बफर 64 वर आणला, तर जुना कॉम्प्युटर दमून तडतडायला लागला. ‘अर्थिंग बघून येतो,’ म्हणत अण्णा बादली घेऊन गेला. तेवढ्यात पखवाजवाल्याच्या पोरानं डब्यावरचं डायरेक्ट मॉनिटरचं बटण दाबलं, आणि आवाज कॉम्प्युटरला वळसा घालून सरळ कानात आला. अण्णा परतला तेव्हा सगळं सुरळीत चाललं होतं. ‘बघा!’ बादली खाली ठेवत तो म्हणाला.

त्या दिवशी गायलेला अभंग काळी दोनमधला. रेकॉर्ड झाला 44.1 किलोहर्ट्झला, अण्णानं वाजवला 48 ला. आवाज पळाला आणि पट्टीही चढली. पांढरी तीन आणि पांढरी चार यांच्या मधोमध, जिथं कुठल्याच पेटीला सूर नाही, तिथं जाऊन लटकली. बुवा चिडले. ‘अरे, याच गावात प्रभातनं 1932 ला ‘अयोध्येचा राजा’ केला. तेव्हा प्लेबॅक नव्हता. गोविंदराव टेंबे कॅमेऱ्यासमोर उभे राहून गायले. तुला घरात बसून एक अभंग होईना?’

अण्णा बराच वेळ विचार करत राहिला. ‘त्यांचं अर्थिंग चांगलं असणार.’

गणपतीत गल्लीत डॉल्बी लागतो, खिडक्यांची तावदानं थरथरतात, म्हाताऱ्यांना बहिणीकडं पाठवावं लागतं. त्या गदारोळात आमचा अण्णा हेडफोन दाबून आत बसलेला असतो. ‘बारीक येतंय अजून,’ म्हणतो. अशा माणसाचं काय करायचं?

पुरं झालेलं गाणं त्याच्याकडं एकही नाही. ‘टेस्ट’ नावाचं फोल्डर मात्र तुडुंब भरलंय. लाल दिवा लागला की भल्याभल्यांचा गळा आवळतो. पण ‘काही पण म्हणा, आवाज बघतोय नुसता,’ म्हटलं की माणसं मोकळी होतात. बुवांची सगळ्यात चांगली आलापी तिथं आहे, दोन वाक्यांमध्ये पान चघळत घेतलेली. समोरच्या काकूंची जात्यावरची ओवी आहे. मधे त्या थांबून दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर जास्त’ म्हणतात आणि पुन्हा त्याच सुरात ओवी धरतात.

काकू गेल्या, तेव्हा घरात त्यांचे फोटो पुष्कळ निघाले. आवाज हा एवढाच. अण्णानं ती फाइल घेऊन रात्री जागवल्या. 50 हर्ट्झ कापलं, त्याची पिल्लं 100, 150, 200 कापली. हमिंग गेलं, पण काकूंच्या आवाजाचा खर्जही गेला. कुणीतरी फोनवरून ओवी म्हणतंय असं वाटायला लागलं. शेवटी त्यानं सगळं पूर्ववत केलं आणि गुणगुणीसकट ओवी त्यांच्या मुलाच्या हातात ठेवली. अर्थिंगचं नावही काढलं नाही.

तेव्हा तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस गात असेल, तर रेकॉर्डिंग करतोय असं त्याला सांगू नका. टेस्टिंग म्हणा. आणि बसण्याआधी चार्जर काढा.