‘डॅशबोर्ड न उतरवता होईल ना?’

ऑपरेशन ठरले की डॉक्टरांना ‘फाडावं लागेल का हो?’ असे विचारणारी जी जमात आहे, तिचीच एक शाखा गॅरेजात भेटते. डाव्या सीटखालचे मॅट चिकट ओले होते, काचेवर आतून तेलकट धुके धरते, गाडीत गोडसर वास दरवळतो. तेव्हा या गृहस्थाचा पहिला संशय छत्रीवर जातो आणि दुसरा दिवाळीत सांडलेल्या पाकावर. हीटर कोर गळतोय असे मेकॅनिकने सांगितले, तरी तो खर्च विचारत नाही. ‘डॅशबोर्ड न उतरवता होईल ना?’ एवढेच विचारतो. गॅरेजातली मंडळी त्याला हसतात. पण त्याला वेड्यात काढण्याची घाई करू नये.

कारण त्याची भीती रास्त आहे. हीटर कोर म्हणजे छोटासा रेडिएटर. इंजिनातले नव्वदेक अंशांचे कूलंट त्यातून फिरते आणि पंखा त्यावरून हवा ढकलतो. वस्तू वहीएवढी, पण बहुतेक गाड्यांत ती बसते एसीच्या कूलिंग कॉइलशेजारी, एकाच प्लास्टिकच्या डब्यात, डॅशबोर्डच्या पोटात. अनेक कारखान्यांत डॅशबोर्ड, त्यामागची लोखंडी दांडी, वायरिंग आणि हा डबा असा सगळा संसार आधी मांडून मगच गाडीत सरकवतात. तो पुन्हा बाहेर यावा, ही अपेक्षाच नसते. उन्हाने ठिसूळ झालेले लॉक निघताना ‘टक’ म्हणतात, आणि मग डॅशबोर्ड प्रत्येक गतिरोधकावर काहीतरी बोलून दाखवतो. वर चार स्क्रू उरतात. ते म्हणे ‘जादाचेच होते साहेब.’

यावर मेकॅनिक म्हणेल, न उतरवता करायचे तर डबा कापावा लागतो आणि आंधळ्यासारखा हात घालावा लागतो. हे सरसकट खरे नाही. काही गाड्यांत पायाजवळचे झाकण काढले की कोर बाजूला ओढून घेता येतो. तिथे अख्खा डॅशबोर्ड उतरवणे म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरणे. मात्र जिथे नळ्या कापून आत क्लॅम्पचा जोड द्यावा लागतो, तिथे तो जोड सुटला तर उकळते कूलंट पायावर येईल. तिथे याचा हट्ट ऐकू नये. दुसरा उपाय बायपासचा: इंजिनाकडचे दोन होज एकमेकांना जोडायचे आणि हीटर विसरायचा. मुंबईत हीटर लागतो कुणाला, हा युक्तिवाद बिनतोड आहे. फक्त हाच गृहस्थ डिसेंबरात सहकुटुंब मनालीला निघतो.

त्याचा खरा दोष वेगळाच आहे. त्याची माया दिसणाऱ्या भागापुरती असते. डॅशबोर्ड तो रोज फडक्याने पुसतो, वरच्या गणपतीला गंध लावतो. पण कूलंट कमी झाले की टाकीत बोअरचे पाणी ओततो. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये काही वर्षांत संपतात, पाण्यातले क्षार साठतात, आणि कोर आतून खाल्ला जातो. म्हणजे डॅशबोर्ड उतरवण्याची वेळ बरेचदा तो स्वतःच ओढवून घेतो, मगातून थोडी थोडी.

तरीही, गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल दाखवल्याशिवाय त्याने डॅशबोर्डला हात लावू देऊ नये. लावावाच लागला तर आधी बॅटरी सोडवून एअरबॅगसाठी काही मिनिटे थांबायला लावावे. गणपती तेवढा त्याने आपल्या हाताने काढून घ्यावा.