हायड्रॉलिक क्लचची ग्लानी : निदान आणि उपचार

मोटारसायकलीच्या ज्या भागांविषयी मालकाचे मत ठाम आणि ज्ञान तोकडे असते, त्यांत हायड्रॉलिक क्लचचा क्रमांक बराच वर लागतो. साध्या क्लचची केबल झिजू लागली की तिची एकेक तार तुटते, लिव्हर जड होतो आणि दुखणे डोळ्यांना दिसते. हायड्रॉलिक क्लचमध्ये केबलच्या जागी द्रव असतो, आणि तो आतून बिघडत असतानाही बाहेरून अत्यंत सभ्य दिसतो.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा नियम सतराव्या शतकात ब्लेझ पास्कल यांनी मांडला. हँडलवरचा मास्टर सिलिंडर, म्हणजे लिव्हर ओढताच दट्ट्या सरकवून द्रवावर दाब देणारा भाग, आणि इंजिनापाशी बसवलेला स्लेव्ह सिलिंडर, म्हणजे तो दाब झेलून क्लच प्लेटांची पकड सोडवणारा भाग, हे दोघेही या नियमाचे निष्ठेने पालन करतात. नळीत हवा शिरली की मात्र सगळे बिनसते, कारण हवा दाबली की आक्रसते. लिव्हरचा निम्मा प्रवास तिची मनधरणी करण्यात खर्ची पडतो, प्लेटा पुरत्या सुटत नाहीत आणि सिग्नलवर न्यूट्रल लागत नाही.

या द्रवाला, म्हणजे नेहमीच्या ब्रेक ऑइलला, ओलाव्याची विलक्षण ओढ असते. डॉट ४ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर सुमारे ३.७ टक्के पाणी मुरल्यानंतर तो १५५ अंशांपर्यंत घसरलेला चालतो. त्यामुळे कोकणातले दोन-चार पावसाळे अनुभवलेला द्रव खंबाटकी घाटातल्या वाहतूककोंडीत, तापलेल्या इंजिनाला खेटून, वाफेचे बुडबुडे सोडू लागतो आणि लिव्हर लोण्यासारखा मऊ होतो. परंतु गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा पाणी होत असल्याने गॅरेजात पोहोचेपर्यंत क्लच पूर्ण शुद्धीवर येतो, आणि मेकॅनिकच्या नजरेत संशयित म्हणून मालक तेवढा उरतो.

निदानाच्या बाबतीत मित्रमंडळींमध्ये एकच मतप्रवाह आढळतो, आणि तो सर्वांत महागड्या भागाकडे वाहतो : ‘प्लेटा गेल्या.’ वास्तविक झिजलेल्या प्लेटा घसरतात, म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. इथे तक्रार नेमकी उलट, म्हणजे प्लेटा सुटत नसल्याची असते. लिव्हर चार-पाच वेळा भराभर दाबल्यावर क्लच सुधारत असेल, तर बहुधा हवा शिरलेली असते. लिव्हर दाबून धरला असता सावकाश निसटत जात असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरचे रबरी सील थकलेले असते. आणि हँडलवरच्या द्रवाच्या टाकीतली पातळी उतरत असेल, तर स्लेव्ह सिलिंडरची गळती बहुधा चेनच्या ग्रीसखाली अज्ञातवासात असते. विशेष म्हणजे ब्रेकचे पॅड झिजले की त्यांच्या टाकीतली पातळी खाली जाते, तर क्लचच्या प्लेटा झिजल्या की दट्ट्या मागे रेटला जाऊन पातळी वर चढते. म्हणून टाकी काठोकाठ भरून ठेवणारा कर्तव्यदक्ष मालक द्रवाला प्रसरण पावायला जागाच ठेवत नाही, आणि न सुटणाऱ्या क्लचऐवजी घसरणारा क्लच मिळवतो.

उपचार स्वस्त आहेत, हीच त्यांच्या उपेक्षेची खरी कारणमीमांसा असावी. बुडबुडे स्वभावतः वर चढत असल्याने हवा काढताना नवा द्रव मोठ्या सिरिंजने खालच्या निपलमधून, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरवरच्या हवा सोडण्याच्या तोटीतून, वर ढकलणे पुष्कळदा सोपे जाते. मात्र हा द्रव रंग खातो, म्हणून पेट्रोलच्या टाकीवर थेंब पडताच तो पाण्याने धुवावा. काही गाड्यांच्या क्लचमध्ये ब्रेक ऑइलऐवजी खनिज तेल असते, आणि चुकीचा द्रव भरल्यास सील फुगून निकामी होतात. यासंबंधीची सूचना बहुधा द्रवाच्या टाकीच्या झाकणावरच कोरलेली असते, जिथे वाचनाची सवय क्वचितच पोहोचते. तेव्हा वाचकांनी नवे सायलेन्सर घेण्यापूर्वी ते झाकण एकदा वाचावे आणि दर दोन वर्षांनी द्रव बदलावा; प्लेटांवर आरोप ठेवायला मित्र आहेतच.