ठिबकला ॲसिड, दाताला मिश्री

बारामतीच्या उसाला आता एआय लागलाय. ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टच्या शेतात मातीत सेन्सर, आभाळात उपग्रह, मधे मायक्रोसॉफ्टचं तंत्रज्ञान आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर निरोप: आज पाणी देऊ नका, अमुक कोपऱ्यात नत्र कमी पडलंय. २०२५ च्या सुरुवातीला खुद्द मायक्रोसॉफ्टप्रमुख सत्या नाडेलांनी याचं कौतुक केलं आणि आमच्याकडच्या बांधाबांधावर अमेरिका आली. उसाच्या मुळाशी काय चाललंय ते आता सातासमुद्रापार कळतं. उसाच्या मालकाच्या दाढेच्या मुळाशी काय चाललंय, ते फक्त त्याच्या शेजारी बसलेल्याला कळतं. तेही वारं तिकडून इकडं असेल तर.

इंदापूर तालुक्यात आमचे एक आबा आहेत. प्रगतिशील बागायतदार. नीरा डाव्या कालव्याचं पाणी पिढ्यान् पिढ्या उसाला पाजून या पट्ट्यातल्या कितीतरी जमिनी क्षारपड झाल्या, त्यामुळे क्षार म्हणजे काय हे आबांना शिकवावं लागत नाही. माती परीक्षणाचे अहवाल फायलीला लावलेले. सामू किती, क्षारता किती, सेंद्रिय कर्ब किती, सगळं तोंडपाठ. पण त्याच तोंडाचं परीक्षण शेवटचं कधी झालं, असं विचारलं की आबा म्हणतात, "दुखतंय कुठं?"

महिन्या-दोन महिन्यांनी आबा ठिबकला ॲसिड देतात. हा सोहळा बघण्यासारखा. हातात रबरी मोजे, नाकातोंडाला उपरणं. बादलीत आधी पाणी, मग त्यात ॲसिड. उलटं केलं तर अंगावर उडेल, हे गड्याला दरवेळी नव्यानं सांगणं. व्हेंचुरीतून ते लाइनीत सुटतं. मग आबा वाकून शेवटच्या लॅटरलच्या शेवटच्या ड्रीपरखाली सामू मोजायचा कागद धरतात, रंग निरखतात, सामू चारच्या आसपास आला की मोटर बंद. रात्रभर मुरू द्यायचं. सकाळी एंड कॅप काढल्या की पांढरट-पिवळं गढूळ पाणी भसाभसा बाहेर पडतं आणि आबा समाधानानं हसतात. हसतात तेव्हा दिसतं, की खालच्या पुढच्या दातांवर कीटणाचा असा थर चढलाय की दात कुठं संपला आणि कीटण कुठं सुरू झालं, यासाठी मोजणी आणून हद्द कायम करून घ्यावी लागेल.

विहिरीच्या पाण्यातला क्षार ड्रीपरच्या भोकात बसतो, लाळेतला क्षार दातावरच्या चिकट थरात बसतो. दोन्हीकडे कॅल्शियमच. ड्रीपर तुंबला तर एका झाडाचं नुकसान होतं म्हणून आबांना झोप लागत नाही. दाढ तुंबली तर आबा दुसऱ्या बाजूनं चावतात.

घरात ब्रश नाही असं मात्र म्हणायचं नाही. "हाय की. फिल्टरपाशी हाय." फवारणी पंपाचं नोझल आणि ठिबकचा जाळीचा फिल्टर घासायला ब्रशासारखी वस्तू नाही, असं आबांचं ठाम मत आहे, आणि तो ब्रश नियमित वापरातही असतो. उसाच्या फवारणीत जस्त किती पीपीएम, लोह किती पीपीएम, हे आबा दुकानदाराच्या तोंडावर वाचून दाखवतात. पेस्टच्या ट्यूबवर बारीक अक्षरात फ्लोराइड किती पीपीएम तेही छापलेलं असतं. हजाराच्या आसपास असावं, तेच दाताचं कवच घट्ट करतं. ते कुणी वाचत नाही. पेस्ट हिरवी आहे का, लवंग आहे का, आणि फेस भरपूर होतो का, एवढं बघतात.

आता साखर कारखान्याकडे वळू. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर हे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्यापेक्षा जास्त शाखा असलेला एक कारखाना आपल्या तोंडात आहे. स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स हे त्याचं नोंदणीकृत नाव. १९२४ साली लंडनमध्ये क्लार्क नावाच्या शास्त्रज्ञानं किडक्या दातांतून हा जंतू शोधून काढला. धंदा आपल्या ओळखीचाच, साखरेचा. फक्त याला हंगाम नाही. बॉयलर पेटवायला मंत्री लागत नाही, मोळी टाकायला महाराज लागत नाहीत, काटामारीची तक्रार नाही, उचल घेऊन टोळी पळाली अशी भानगड नाही. माल गेटवर आला की काही मिनिटांत गाळप सुरू. साखरेचं आम्ल होतं, तोंडातला सामू साडेपाचच्या खाली घसरतो आणि दाताच्या कवचातलं कॅल्शियम विरघळायला लागतं. म्हणजे आबा जे काम मोजे घालून करतात, तेच. मग लाळ हळूहळू सामू वर आणते, झालेली झीज थोडीफार भरते. तिला अर्धा-पाऊण तास लागतो.

तेवढ्यात दुसरा चहा येतो.

स्वीडनमध्ये १९४० च्या दशकात विपेहोल्म नावाच्या संस्थेतल्या मतिमंद रुग्णांना चिकट टॉफ्या खायला घालून दात किती किडतात हे पाहिलं गेलं. आज असा प्रयोग कुणी करू धजणार नाही. त्यातून निघालं ते हे, की साखर एकूण किती खाल्ली यापेक्षा दिवसातून किती वेळा खाल्ली आणि ती दाताला किती वेळ चिकटून राहिली, याला महत्त्व जास्त. इतका अघोरी खटाटोप करण्यापेक्षा स्वीडनवाल्यांनी भिगवणच्या किंवा पाटसच्या चौकात एक दिवस बसायला हवं होतं. धार काढून झाली की चहा, डेअरीला दूध घातलं की चहा, ग्रामपंचायतीत चहा, सोसायटीत चहा, सोयरीक बघायला गेलं तर चहा आणि मोडायला गेलं तरी चहा. पहिल्याची गोडी जिभेवरून जायच्या आत दुसरा. त्यात "साखर जरा कमी" म्हणायची सोय नाही. ऊसपट्ट्यात बिनसाखरेचा चहा मागणारा माणूस उसाच्या दराविरुद्ध बोलतोय असा संशय येतो.

यावर पारावरून एक हमखास आक्षेप येतो: "आमच्या आज्यानं जन्मात ब्रश धरला न्हाई. राखुंडी न् बाभळीची काडी. ऐंशीव्या वर्षी दातानं ऊस सोलायचा." हा आजा प्रत्येक गावात एकेक आहे. ज्यांच्या आज्याचं बोळकं चाळिशीतच झालं, ते पारावर गप्प बसलेले असतात, त्यामुळे त्यांची बाजू पुढं येत नाही. शिवाय आज्यानं साखर पाहिली ती सणासुदीला. क्रीमची बिस्किटं, थंड बाटल्या, पाच रुपयांची चॉकलेटं त्याच्या वाट्याला आली नाहीत. बाजरीची भाकरी चावता चावता निम्मं काम होऊन जायचं. आपण आज्याची राखुंडी तेवढी वारसाहक्कानं घेतली, त्याचं ताट घेतलं नाही. राखुंडी खरबरीत, जोरात घासली की कवच झिजतं आणि मग गार पाण्यानं सणकन कळ जाते, हे वेगळंच. काडीचं तसं नाही. कडुनिंबाची काडी नीट चावून, कुंचा करून, प्रत्येक दातावर फिरवली तर काही वाईट नाही. पण हल्ली काडी तोंडात धरून मोबाइल बघायचा, एवढाच तिचा उपयोग उरलाय.

नियमितपणा शिकायचा असेल तर आबांकडे न बघता आमच्या काकींकडे बघावं. काकी दिवसातून चार-पाच वेळा दातांना बोट लावतात. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, घरभर खाट सुटला की पोरं शिंकत अंगणात पळतात, मग ती कुस्करून केलेली मिश्री डबीत. डबी कमरेला. सकाळी उठल्यावर, भांडी झाल्यावर, खुरपायला गेल्यावर बांधावर, दुपारच्या जेवणानंतर.

"काकी, ही तंबाखू आहे."

"मंग? मी काय खाती व्हय? लावती."

"नका लावू की."

"मिश्री लावल्याबिगर पोट साफ व्हत न्हाई बाबा. आन् दाढ ठणकली की हिच्याबिगर उतार न्हाई."

बहुतेक घरांत सुरुवात याच ठणक्यानं होते. दाढ दुखते, शेजारीण डबी पुढं करते, हिरडी बधिर होते, दुखणं गेल्यासारखं वाटतं. पुढं दाढ जाते, डबी राहते. पेस्टमध्ये आणि मंजनात तंबाखू घालायला आपल्या देशात १९९२ पासून बंदी आहे. त्याविरुद्ध दाद मागितली गेली, तेव्हा १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टानंही बंदीच उचलून धरली. पण तो कायदा कंपन्यांना. काकींचा तवा कुठल्याच कलमात बसत नाही. २०१६-१७ च्या तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या प्रौढांपैकी जवळपास चौथा हिस्सा बिनधुराची तंबाखू घेणारा निघाला आणि विडी-सिगारेटवाले चार टक्क्यांच्या आत. म्हणजे आपण धुरापेक्षा दातावर भरवसा ठेवणारे लोक आहोत. तोंडाच्या कर्करोगाचे बरेच रुग्ण त्यातूनच येतात. हे काकींनाही माहीत आहे, कारण नात्यातल्याच एकीचा गाल उघडावा लागला. ती "खात होती", असं त्या म्हणतात.

गुटख्याची तर गोष्टच न्यारी. राज्यात २०१२ पासून बंदी. अन्नसुरक्षा कायद्यानं अशी बंदी एका वेळी एक वर्षच घालता येते, म्हणून ती दरवर्षी नव्यानं घालावी लागते. टपरीवाल्यालाही तारीख माहीत असते. तो त्या दिवशी पुडीची माळ आतल्या खिळ्याला अडकवतो. बाहेर निमगाव केतकीच्या पानमळ्यातली हिरवीगार पानं ओल्या फडक्यात मांडलेली, आत देशाचा कायदा लटकलेला.

आपण दात घासत नाही असा आरोप कुणी केला तर मी तो फेटाळून लावीन. तुकाराम महाराजांची पालखी सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी जाते, तेव्हा पहाटे टँकरच्या नळाशी उभं राहून बघावं. काडी, बोट, मंजन, मिश्री, पिशवीच्या कोपऱ्यात गुंडाळलेला ब्रश, सगळे पंथ एका रांगेत चुळा भरत असतात. तोंड न धुता कुणी चहाचा कप उचलत नाही, माळेला हात लावत नाही. पारोसं राहायचं नाही हा आपला बाणा पक्का आहे. अडचण एवढीच, की हे सगळं सकाळी. रात्री झोपल्यावर लाळ आटते आणि तोंडातल्या कारखान्याची खरी चांदी तेव्हाच होते, म्हणून डॉक्टर मंडळी रात्रीच्या ब्रशसाठी गळा काढतात. पण रात्री कुणाला तोंड दाखवायचंय? आपण दात घासतो ते जगासाठी. दातासाठी घासायची पद्धत आपल्यात नाही. त्यात शेतीची लाइट रात्रीची. दीडला मोटर टाकायला उठलेला माणूस चिमूटभर तंबाखू मळून बांधावर बसतो. त्याला तिथं "दोन मिनिटं गोलाकार ब्रश फिरवा" म्हणून सांगणाऱ्याचं धाडस मला तरी नाही.

शेवटी दाढ उभी राहतेच. पण आमच्याकडे दुखणं हे उसाच्या बिलाशी बांधलेलं असतं. ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यावेत असा १९६६ चा आदेश आहे; तो जितका पाळला जातो, तितकीच दाढ वेळेवर दाखवली जाते. बिल आल्यावर बघू. बिल आलं की सोसायटी, खत, पोराची फी, भावकीतलं लग्न. तोवर लवंग. लवंगेनं भागेना तर मेडिकलमधून दोन गोळ्या, कशाच्या ते विचारायचं नसतं. डॉक्टरकडे पोचेपर्यंत भरून घ्यायची दाढ रूट कॅनलवर गेलेली असते आणि रूट कॅनलची काढायला आलेली असते. त्यावर पुन्हा वरचा दात काढला की नजर जाते, आणि दात साफ केले की हलतात, ही दोन शास्त्रं आहेतच. दुसरं तर डोळ्यांदेखत खरं ठरतं: ज्या कीटणाच्या आधारावर दात इतकी वर्षं उभा होता ते काढल्यावर तो हलणारच. मग आबा गावभर सांगतात, "चांगला हुता, डॉक्टरनं हलवला."

जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला वरची साखर पंचवीस ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. म्हणजे माणशी वर्षाला नऊ किलो. देशाची सरासरी विसाच्या आसपास आहे. आमच्याकडे सरासरी काढत नाहीत, कारण सभासदांना सवलतीची साखर मिळते आणि ती वाढवून मिळावी यावर दरवर्षी सभा तापते. ऊसदराएवढीच टाळ्यांची हमी असलेला तो विषय.

यंदाच्या वार्षिक सभेत उभं राहून मी एक ठराव मांडीन म्हणतो: दिवाळीच्या साखरेबरोबर घरटी चार ब्रश आणि एक पेस्ट. काय होईल ते दिसतंय. मागून कुणीतरी ओरडेल, "ब्रश देणार तर साखर तेवढी कापणार का?" सत्ताधारी म्हणतील, विरोधकांनी पढवून पाठवलंय. विरोधक म्हणतील, ब्रश खरेदीचं टेंडर कुणाच्या मेव्हण्याला जाणार ते आम्हाला माहीत आहे. अध्यक्ष दोन्ही हात वर करून म्हणतील, विषय चांगला आहे, आयत्या वेळच्या विषयात घेऊ, उपसमिती नेमू. उपसमिती अभ्यासाला ब्राझीलला जाईल. मग "मंजूर, मंजूर" होईल, राष्ट्रगीत होईल आणि माइकवरून सूचना येईल, की जेवल्याशिवाय कुणीही जाऊ नये. मसालेभात आहे, वांग्याची भाजी आहे, आणि जिलेबी दोनदा वाढणार आहेत.