पहिल्या तासाचं शहाणपण

पोकरच्या स्पर्धेत नवशिक्याने पहिल्या तासात काय करावं, याचं उत्तर बहुतेक जाणकार एकच देतात: फारसं काही करू नये. पानं बघावीत, बहुतेक वेळा गुपचूप टाकून द्यावीत, आणि बाकीचे काय करतात ते पाहत बसावं. लास वेगासला हा सल्ला चालत असेल. उज्जैनच्या फ्रीगंजात तो पाळणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. टावर चौकात संध्याकाळी दोन स्कूटर एकमेकींना नुसत्या घासल्या, तरी साबूदाणा खिचडीचे दोने हातात धरून दहा-पंधरा जण न्यायनिवाड्याला हजर होतात. त्यांतल्या एकानेही टक्कर पाहिलेली नसते. हातात पान नसताना डावात उतरायचं, हा आमचा नागरी धर्म आहे.

भाचा पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला. तो रोज रात्री मोबाइलवर पोकर खेळायचा. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैशांचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला आणि त्याची विद्या एकदम पोरकी झाली. मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटी आहेत, पण गोव्याला कशाला चाललास हे घरी सांगावं लागतं. तेव्हा दिवाळीत तो प्लास्टिकच्या चिप्सची पेटी घेऊन मामाकडे आला. पैसे लावायचे नाहीत, ही आमच्या हिची अट. मग असं ठरलं, की जो सगळ्यांत आधी बाद होईल त्याने सगळ्यांना टावरवर खिचडी खिलवायची.

खेळाडू सात: भाचा, मी, ही, आमची मुलगी, वरच्या मजल्यावरचे काका आणि काकू, आणि आत्या. आत्याची सगळी हयात रमीत गेली. काका तीन पत्तीवाले. प्रत्येकाला 5,000 चिप्स मिळाल्या. पोकरमध्ये दर डावाला दोघांना पानं न बघताच ठरावीक रक्कम मध्ये टाकावी लागते, ती ब्लाइंड. सुरुवातीला ती 25 आणि 50. दर वीस मिनिटांनी पातळी चढणार, ब्लाइंड दुप्पट. काकांना "तुमचा ब्लाइंड" म्हटल्यावर त्यांनी तीन पत्तीच्या सवयीने पानं उपडीच ठेवली आणि शेवटपर्यंत बघितली नाहीत. तो डाव ते जिंकले. शिकवणी तिथेच निम्मी बुडाली.

वीस मिनिटांनाही काकांची हरकत होती. 2024 पासून आपल्या गावात विक्रमादित्य वैदिक घड्याळ आहे, त्यात दिवसाचे तीस मुहूर्त पडतात, तर पातळी एका मुहूर्ताची, म्हणजे 48 मिनिटांची का नको? भाचा म्हणाला, मग देवदिवाळीला निकाल लागेल. पण खरं सांगायचं तर काकांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. लास वेगासच्या जागतिक मालिकेच्या मुख्य स्पर्धेत, जिची प्रवेश फी 10,000 डॉलर आहे, अलीकडे 60,000 चिप्स देतात, ब्लाइंड 100-200 पासून सुरू होतात आणि एकेक पातळी दोन तास चालते. म्हणजे मोठ्या ब्लाइंडच्या तीनशेपट पुंजी पदरी असते. एवढी पुंजी असताना पहिल्या तासात शंभर-दोनशेच्या ब्लाइंडसाठी जिवावर उदार व्हायचं कारण काय? टावरवर पहिल्याच गाडीवर पोटभर पावभाजी हाणून पुढच्या गाड्यांकडे केविलवाणं बघत फिरणारे पाहुणे मी पाहिले आहेत, तसलाच हा प्रकार.

भाच्याचा मुख्य मुद्दा मला पटला. स्पर्धेत चिप्स दुप्पट झाल्या म्हणून बक्षिसाची शक्यता दुप्पट होत नाही. पण चिप्स संपल्या की खेळ संपतो. रोखीच्या खेळात खिशात हात घालून परत बसता येतं, इथे घरी जावं लागतं. म्हणून एक्का-गुलाम हातात आला की सगळ्या चिप्स पुढे सारायच्या नाहीत. समोरचा तेवढ्याच तयारीने उतरला असेल तर त्याच्याकडे बहुधा एक्का-राजा असतो, नाहीतर मोठी जोडी.

"आणि दोन एक्के आले तर?" मुलीने विचारलं.

दोन एक्के 221 डावांत एकदा येतात. एकाच भिडूसमोर ते शंभरात 85 वेळा जिंकतात. पण नऊ जणांच्या टेबलावर बाकीचे आठही जण पानं न टाकता चिकटून बसले, तर तेच एक्के शंभरात 35च्या आसपास येतात. म्हणून चांगली पानं आली की बोली वाढवून गर्दी पांगवायची. "पण मला बघायचंय ना पुढे काय येतं ते," काकू म्हणाल्या. काकूंनी तोवर एकही पान टाकलं नव्हतं. अशा माणसापुढे थाप मारू नये, हा पहिल्या तासाचा दुसरा नियम. थापेला घाबरायला समोरच्याला आधी स्वतःची पानं कळावी लागतात.

तसा हा निव्वळ मौनाचा तास नव्हे. पुंजी भरपूर आणि ब्लाइंड किरकोळ असतात तेव्हाच पंजीची जोडी किंवा बदामाची सत्ती-अठ्ठी अशी हलकी पानं स्वस्तात बघून घ्यायची. जोडीचं तिसरं पान मध्ये सगळ्यांसाठी उघडणाऱ्या पहिल्या तीन पानांत साधारण साडेआठांत एकदाच लागतं. लागलं तर समोरच्याचं दिवाळं, नाही लागलं तर निमूट उठायचं. आणि हे धंदे आपली बोलायची पाळी शेवटची असेल तेव्हा करायचे. सगळे बोलून झाल्यावर बोलायचं, ही कल्पना आमच्या घरात अर्थातच कोणालाच झेपली नाही.

खरं म्हणजे जुगाराचं शिक्षण उज्जैनला पुण्याहून यावं, हीच नामुष्की. शूद्रकाचं मृच्छकटिक याच उज्जयिनीत घडतं, आणि त्याच्या दुसऱ्या अंकात पहिल्या तासात कसं खेळू नये याचा संपूर्ण अभ्यासक्रम आहे. संवाहक नावाचा अंग रगडून देणारा एक बापडा फाशांच्या अड्ड्यावर दहा सुवर्ण हरतो आणि पळतो. अड्ड्याचा चालक माथुर आणि एक जुगारी त्याच्या मागावर. पठ्ठ्या हुशार. पावलांचे ठसे फसवे उमटावेत म्हणून उलट्या पावलांनी एका मूर्ती नसलेल्या देवळात शिरतो आणि स्वतःच मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे आत येतात. मूर्ती लाकडाची की दगडाची, यावर चर्चा करतात, तिला हलवून बघतात. हा ढिम्म. शंका आलेली असतेच, तेव्हा ते दोघे तिथेच फासे मांडून बसतात. झालं! फाशांचा खुळखुळाट कानी पडल्यावर देव किती वेळ दगडाचा राहणार? पाळी कोणाची यावरून दोघांची तिथे हुज्जत लागते आणि मूर्ती मधूनच ओरडते, की पाळी माझी आहे.

पोकरची भरमसाट पुस्तकं निघाली, पण चेहरा निर्विकार ठेवण्याचा याहून थोर प्रयत्न आणि त्याचा याहून नामी बोजवारा मला माहीत नाही. संवाहकाचा चेहरा शेवटपर्यंत पक्का होता. त्याला नुसतं बसून राहणं जमलं नाही. पुढे मार खाऊन तो वसंतसेनेच्या घरात शिरतो, ती हातातलं सोन्याचं कडं पाठवून त्याचं देणं फेडते, आणि तो जुगार सोडून बौद्ध भिक्षू होतो. लास वेगासची मंडळी 1976 पासून मालिकेतल्या विजेत्याला सोन्याचं कडं देतात. आमच्याकडे ते हरलेल्याला मिळायचं. कोणती संस्कृती थोर, ते वाचकांनी ठरवावं.

त्याच नाटकात चारुदत्ताकडे ठेवायला दिलेले वसंतसेनेचे दागिने चोरीला जातात, तर हा सज्जन माणूस चोरीचं खरं न सांगता आपण ते जुगारात हरलो असा निरोप धाडतो. गावातल्या नामवंत गृहस्थाला जुगारी म्हणवून घेण्यात त्या काळी कमीपणा नव्हता, असं दिसतं. ही गोष्ट मी आमच्या हिला सांगितली. तिने फक्त चिप्स मोजल्या.

इकडे स्पर्धा एका विलक्षण अवस्थेला पोचली होती. शिकवणीचा पहिला भाग एकाएकी सगळ्यांच्या अंगी मुरला. पहिला बाद होणारा खिचडी देणार, हे आठवल्यावर काकांसारख्या तीन पत्तीवाल्यानेही एक्के टाकायला सुरुवात केली. पानं वाटली जायची, सात जण ती बघायचे, सहा जण टाकायचे, पुन्हा पिसणं. भाच्याने डोक्याला हात लावला. खऱ्या स्पर्धेत अशी कोंडी बरीच उशिरा होते, पुढे एक जण गेला की उरलेल्यांना बक्षीस अशी वेळ आल्यावर. आम्ही बक्षीस ठेवायच्या ऐवजी शिक्षा ठेवल्यामुळे ती घडी पहिल्या मिनिटालाच आली होती. दहा वाजत आले. टावरवरच्या गाड्या आवरायला लागल्या असतील या धास्तीने त्याने पातळी पाच मिनिटांवर आणली.

ब्लाइंड दुपटीने चढू लागले. 400-800. 800-1,600. आणि आत्याच्या पुढ्यातली रास न खेळता वितळत गेली. आत्याने संध्याकाळपासून प्रत्येक पान टाकलं होतं. भाच्याने तिला तेच शिकवलं होतं. तेच पातळी चढल्यावर विसरायचं असतं, ते सांगायचं राहिलं. शेवटच्या चिप्स ब्लाइंडमध्ये गेल्या, पानं पडली, आत्या बाद.

"मी एकही डाव खेळले नाही," आत्या म्हणाली. "मग हरले कशी?"

भाच्याने समजावलं. मी समजावलं. काकांनी वैदिक घड्याळापासून समजावलं. आत्याने चष्मा पुसला आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

सव्वादहाला आम्ही सात जण टावरवर उभे होतो. पैसे भाच्याने दिले. गाडीवाल्याने जीरावण भुरभुरून पहिला दोना आत्याच्या हातात ठेवला, आणि दुसरा दोना कधी मिळेल हे तिने त्याला तेव्हाच विचारून घेतलं.