आता ऐक

अव्याकडे जायचं तर जेवून जावं आणि परत किती वाजता येणार हे घरी सांगून ठेवू नये. "पाच मिनिटं ये, एक फरक ऐकवायचाय," असा त्याचा फोन येतो. त्यातली पाच मिनिटं गिटारच्या तारा जुळवण्यातच जातात. मग तो मला भिंतीशी ठेवलेल्या दोन काळ्या खोक्यांसमोर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवतो, खुर्ची चार बोटं डावीकडे सरकवतो, भर मे महिन्यात पंखा बंद करतो आणि ई मेजरचा एक कॉर्ड वाजवून हात वर धरून उभा राहतो. कॉर्ड विरून जातो. तो वाकून केबल बदलतो. "आता ऐक." पुन्हा ई मेजर. पुन्हा हात वर. "फरक?"

असा एखादा तुमच्याही ओळखीत असणारच. तुमचा दोन कॅमेऱ्यांत अडकलेला असेल, नाहीतर दोन सायकलींत. आमचा दोन गिटार-ॲम्पमध्ये अडकला आहे. आणि त्यातला एकही त्याचा नाही. दोन्ही उसने, दोन वेगवेगळ्या मित्रांचे. स्वतःच्या मालकीचा ॲम्प एकच, कॉलेजात घेतलेला, ट्रान्झिस्टरचा. त्यावर सध्या मनीप्लांट आहे. अव्याला व्हॉल्वचा घ्यायचाय, पण कुठला ते ठरत नाही, आणि ठरत नाही तोवर तो ई मेजरच्या पुढे जात नाही. लग्न ठरलं तेव्हा त्याला अख्खी गाणी वाजवता येत होती, असं वहिनी सांगतात. त्याच्या आईने दुजोरा दिला म्हणून आपण विश्वास ठेवायचा.

हे दोन ॲम्प म्हणजे मार्शल कंपनीने २०१९ साली काढलेली सख्खी भावंडं. दोन्ही २० वॅटचे, दोन्हींत ईएल३४ जातीचे दोन व्हॉल्व, दोन्हींना ५ वॅटवर आणायची सोय. एक '१९५९' नावाच्या जुन्या मॉडेलवर बेतलेला, दुसरा १९८१ मध्ये आलेल्या 'जेसीएम८००' वर. इथे अव्या थांबून सांगतो, की १९५९ हे साल नव्हे, तो नुसता मॉडेलचा नंबर, मॉडेल आलं पासष्ट साली. आणि जेसीएम८०० मधले आठशे म्हणजे वॅट नव्हेत, ती मालकाच्या गाडीची नंबरप्लेट. 'व्हिंटेज थर्टी' हा स्पीकर तर ऐंशीच्या दशकातला आणि ६० वॅटचा. म्हणजे या धंद्यात आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, कानावर ठेवायचा. आणि कान माझे.

दोघांत समजण्याजोगा फरक एकच. जेसीएमच्या धाकट्याला मास्टर व्हॉल्यूमचं बटण आहे. आवाज बेताचा ठेवूनही त्याला खरखरवता येतं. दुसऱ्याला ते नाही. तो खुलायचा तर मोठ्यानेच लावावा लागतो. "तू फ्लॅटमध्ये राहतोस. मास्टरवाला घे आणि मोकळा हो," असं मी एकदा म्हणालो. अव्याने गिटार खाली ठेवली. "इतकं सोपं असतं," तो म्हणाला, "तर लोकांनी तबलाच शिकला असता."

यावर मी काही बोलण्याआधी कथा सुरू झाली. ही कथा तो सत्यनारायणाच्या पोथीइतक्या श्रद्धेने सांगतो, फक्त शेवटी प्रसाद नसतो. पश्चिम लंडनात हॅनवेल नावाचं उपनगर. तिथे जिम मार्शल हा ड्रमवादक वाद्यांचं दुकान चालवायचा. पोरं येऊन म्हणायची, आम्हाला अमेरिकेतला फेंडर बेसमन ॲम्प पाहिजे. तो महाग. म्हणून १९६२ मध्ये केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन या जोडीने दुकानातच बेसमनची नक्कल करायला घेतली. सर्किट जवळजवळ तेच. पण सुटे भाग विलायतेत मिळाले ते. बेसमनची पाठ उघडी आणि त्यात दहा इंचांचे चार स्पीकर. यांनी बारा इंचांचे चार सेलेस्टियन घेतले आणि खोकं मागून बंद केलं. झालं! आवाज बदलला, रॉक संगीत बदललं.

"नक्कल चुकली म्हणून," मी.

"फरक पडला म्हणून," अव्या.

त्याच कथेचा पुढचा अध्याय असा, की मुळात बेसमन गिटारसाठी नव्हताच, बेस गिटारसाठी होता. तो काढणाऱ्या लिओ फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. आणि मार्शल तर ड्रमवाला. म्हणजे जगभरच्या गिटारवाल्यांचा आवाज ज्यांनी ठरवला, त्यातल्या एकालाही गिटार येत नव्हती. हे सांगताना अव्याच्या चेहऱ्यावर विलक्षण शांती पसरते. का, ते मी विचारत नाही.

प्रकरण दोन ॲम्पवर थांबलं असतं तर मी तक्रार केली नसती. पण ॲम्प म्हणजे नुसतं डोकं. आवाज निघतो तो स्पीकरच्या कॅबिनेटमधून. कॅबिनेट दोन, एक मागून उघडं, एक बंद. बंद असलं की आवाज समोर ठोसा मारतो, उघडं असलं की खोलीभर पसरतो. त्यात स्पीकर दोन तऱ्हेचे, व्हिंटेज थर्टी आणि ग्रीनबॅक. दोन गुणिले दोन गुणिले दोन म्हणजे आठ ई मेजर. शिवाय व्हॉल्वचा ॲम्प चालू असताना स्पीकरची तार उपटायची नसते, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. म्हणून दर वेळी बंद करा, तार बदला, चालू करा, व्हॉल्व तापू द्या. एवढ्या वेळात माझ्या कानातला आधीचा ई मेजर पार पुसून गेलेला असतो. तसं म्हटलं की अव्या समजूतदारपणे मान हलवतो आणि म्हणतो, "मग परत पहिल्यापासून. आता ऐक."

सुरुवातीला मी प्रामाणिकपणे "काही कळलं नाही" म्हणायचो. त्याने वेळ वाढतो. पुढे मी काही शब्द राखून ठेवले. "हा जरा मोकळा." "याचं मधलं भरलेलं आहे." एकदा घाईत "दाणेदार" म्हणून गेलो. वास्तविक डोक्यात घरी कढवायचं राहिलेलं तूप होतं. अव्याने तो शब्द वहीत लिहून घेतला.

एकदा त्याने डोळे बांधून परीक्षा द्यायची ठरवली. तार बदलायला वहिनी मागे उभ्या. तो ई मेजर वाजवायचा, "हा पहिला... हा नक्की दुसरा... दुसराच, जरा बोचरा," असं बोलायचा, मी लिहून घ्यायचो. बऱ्याच वेळाने कुकरची शिट्टी झाली तेव्हा लक्षात आलं, की वहिनी केव्हाच स्वयंपाकघरात गेल्या आहेत आणि तार कुणी बदललेलीच नाही. अव्या क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "बरोबर आहे. व्हॉल्व तापले ना. तापल्यावर फरक पडतोच."

खालच्या मजल्यावरच्या काकूंचा या संशोधनात फार मोठा वाटा आहे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही कायद्याची मर्यादा काकूंना पाठ आहे. आणि गिटारचे हे स्पीकर एका वॅटला, मीटरभर अंतरावर, शंभराच्या आसपास डेसिबल देतात. दुप्पट वॅट घेतले तर वाढतात फक्त तीन डेसिबल. थोडक्यात, पाच काय आणि वीस काय, काकूंना सगळं सारखंच. पण अव्या म्हणतो, व्हॉल्व दमायला लागल्याशिवाय खरा फरक कळत नाही. त्यामुळे पेच असा, की फरक कळू लागतो तेव्हा काकू येतात, आणि काकू येत नाहीत तोवर फरक कळत नाही. एका रविवारी त्या वर आल्या आणि दारातूनच कडाडल्या, "अविनाश, हे काय चाललंय? त्यापेक्षा परवाचं बरं होतं!"

अव्याचे डोळे चमकले. "परवाचं? सकाळचं की संध्याकाळचं? काकू, आत या ना. इथे बसा. नाही, जरा डावीकडे."

काकू पुन्हा तक्रार घेऊन आल्या नाहीत.

चार स्पीकरचं कॅबिनेट उसनं आणायची हुक्की आली तेव्हाची गोष्ट वेगळीच. त्याचं वजन ३६ किलोच्या आसपास असतं. अव्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. असं कॅबिनेट चढवायला दोघं लागतात, एक उचलायला आणि एक सूचना द्यायला. सूचना अव्याच्या होत्या. दुसऱ्या जिन्यात मी टेकलो तेव्हा तो म्हणाला, "अरे, पीट टाउनशेंडने आठ स्पीकरचं एकच खोकं बनवून घेतलं होतं! हमाली करणाऱ्यांनी बोंब मारली, म्हणून त्याचे दोन तुकडे करून एकावर एक रचले." मला त्या हमालांबद्दल जन्मात कुणाबद्दल वाटली नव्हती इतकी आत्मीयता वाटली. कॅबिनेट वर पोचलं, ई मेजर झाला, हात वर झाला. "छोटंच बरं," अव्या म्हणाला.

हा रोग गिटारपुरता असता तरी चाललं असतं. तो आमटीच्या दोन वाट्या घेऊन जेवतो. साडीच्या दुकानात वहिनींनी पसंत केलेली साडी घडी घालायच्या आत तो "आता परत ती आधीची" म्हणतो. पण खरा बहर आला तो चष्म्याच्या दुकानात. नंबर तपासणाऱ्याने भिंग बदललं आणि सहज विचारलं, "हे बरं, का आधीचं?" आयुष्यात पहिल्यांदाच कुणी अव्याशी त्याच्या भाषेत बोललं होतं. तो खुर्चीत सैलावला. "परत एकदा आधीचं दाखवा," म्हणाला. दुकानाचं शटर अर्धं खाली आलं तेव्हा अव्या बाहेर पडला, जुन्याच नंबरचा चष्मा घेऊन.

इतकं सगळं असूनही मी त्याच्याकडे जातो. याचं कारण सांगायची माझी इच्छा नाही. पण बाबांचा आग्रह आहे की लिहितोच आहेस तर ते पण लिही.

बाबांचा जुना व्हॉल्वचा रेडिओ माळ्यावर पडून होता. असल्या रेडिओतला ईएल८४ हा व्हॉल्वच व्हॉक्सच्या प्रसिद्ध एसी३० ॲम्पमध्येही असतो, हे कळल्यापासून अव्या जुन्या बाजारात रेडिओवाल्यांच्या मागे असतो. बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा शिक्का असलेला व्हॉल्व दिसला की तो भाव करायचं विसरतो. तर आमचा रेडिओ खोलायला तो आला, आणि मागचं झाकण काढलं तर आत बाबांचं कानाचं मशीन सापडलं. डबीसकट. बाबांनी ते तिथे लपवलं होतं. घरात सगळ्यांनी त्यांना एकच सांगितलं होतं, "सवय होईल." आम्ही ते मोठ्याने सांगत होतो.

अव्याने व्हॉल्व बाजूला ठेवला. "काका, कसं ऐकू येतं यातून?"

"भांडी वाजतात," बाबा म्हणाले. "माणसं कळत नाहीत."

त्या दुपारी अव्या बाबांच्या समोर बसला. त्यांची खुर्ची चार बोटं सरकवली. पंखा बंद केला. तोंडासमोर वही धरली, म्हणजे ओठ दिसायला नकोत. "आता ऐका. ताप." बाबा म्हणाले, "काप." "साप." "चाप?" "शाप." बाबा गप्प. दर शब्दाला हात वर, दर शब्दाला वहीत खूण. मी चहा ठेवला, चहा निवला, परत ठेवला. कंटाळा त्या दोघांपैकी एकालाही आला नाही. मी आत सटकलो होतो. ताप-काप-साप मला स्वयंपाकघरातही ऐकू येत होतं.

"दोन ते चार किलोहर्ट्झ," शेवटी अव्याने निकाल दिला. "श, त, क, सगळे तिथेच राहतात. व्हिंटेज थर्टीचा उंचवटा पण तिथलाच. काकांचा व्हिंटेज थर्टी गेलाय, ग्रीनबॅक शाबूत आहे."

मशीन लावून देणाऱ्या बाईंकडे ती वही घेऊन तो बाबांबरोबर स्वतः गेला. बाईंनी यादी वाचली, कॉम्प्युटरवरची एक रेघ वर सरकवली, दुसरी खाली. अव्या म्हणाला, "आता परत आधीचं लावून दाखवा." त्यांनी दाखवलं. बाबांनी दोन्ही ऐकलं आणि स्पष्ट सांगितलं, "दुसरं." त्यांना इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. काय ऐकू येतंय असं विचारून उत्तराची वाट बघत थांबणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे, आणि तो नेमका हा निघावा याचा मला त्रास होतो.

आता बाबा दर रविवारी अव्याकडे जातात. जिने सावकाश चढतात, पण चढतात. प्लॅस्टिकच्या खुर्चीत ते बसतात, मी मागे उभा. मागच्या खेपेला आठही ई मेजर झाले, अव्याचा हात वर गेला, आणि "फरक?" म्हणायच्या आत बाबा म्हणाले, "डावा. मागून उघडा, हिरव्या पाठीचा. बिनमास्टरचा. घेऊन टाक रे. मला काही अजून वीस वर्षं नाहीत तुझं ऐकायला."

खोलीत कुणी बोललं नाही. स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. इतक्या वर्षांत प्रथमच कुणी निकाल दिला होता, आणि तोही कारणांसकट.

अव्याने वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. मग त्याला काहीतरी आठवलं.

"काका, मशीनची बॅटरी कधी घातली होती?"

"मागच्या सोमवारी."

"मग हे धरता येणार नाही," असं म्हणत अव्याने टोपण लावलं.

बाबांनी जरा विचार केला. "बरोबर आहे," म्हणाले. "पुढच्या रविवारी नवी घालून येतो."