अंतरा कुणाला येतो?

अंबाजोगाईच्या आसपास कुठे हरिनाम सप्ताह बसला की मी कीर्तनाला जातो, पण लक्ष असतं ते पेटीवाल्याच्या बोटांकडे. पेटी शिकायला घेतल्यापासून ही खोड लागली. माझ्यासमोर सरगमची वही असते, कोमल स्वरांखाली आडव्या रेघा मारलेली, आणि तिच्यावरची नजर हलली की हात थांबतो. त्या गृहस्थांसमोर काही नसतं. बोटं चालू ठेवून ते शेजाऱ्याला खुणेनं चहाचं विचारतात.

माझी यमनातली बंदिश मुखड्यापासून सलग वाजली तर वाजते. मध्येच दार वाजलं की पुन्हा पहिल्यापासून. अंतऱ्यातून उचलायची म्हटलं तर बोटं चुकीच्या स्टँडवर उतरलेल्या पाहुण्यासारखी उभी राहतात. परिणाम असा की मुखडा घरातल्या सगळ्यांना पाठ झालाय आणि अंतरा कुणालाच माहीत नाही.

भजनी मंडळातल्या माणसांना इतके अभंग कसे येतात, याचं मला फार नवल वाटायचं. तुकोबांच्या एका गाथेतच चार हजारांवर अभंग. पण मोठ्या अभंगाचं माप ठरलेलं आहे: तीनदा सहा-सहा अक्षरं आणि शेवटी चार. एक चाल हाताला बसली की तिच्यात वाटेल तितके अभंग बसतात. शब्द लहानपणापासून कानावर पडून साठलेले. बोटांनी सांभाळायच्या त्या मोजक्या चाली. पेटी आपल्याकडे आली १९व्या शतकात, युरोपातून. अभंग मात्र तिची सोय आधीच करून बसला होता. पुढे आकाशवाणीनं १९४० पासून तीसेक वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं, कारण तिच्यात मींड निघत नाही. देवळातल्या पेट्यांनी ते मनावर घेतलं नाही.

घोटाळा होतो सिनेमाच्या चालीनं. अभंगाला अशी चाल लावायची हौस मंडळात कुणाला तरी असतेच. ध्रुपद निभावून जातं. पण मधल्या मोकळ्या जागेत बोटांना मूळ गाण्यातली व्हायोलिनं आठवतात, आणि विठोबा कटेवर हात ठेवून उभा असताना मंडपात नायक-नायिका झाडामागे पळू लागतात. टाळकरी हसू दाबतात. महाराज डोळे मिटून घेतात. ते भक्तीनं की आणखी कशानं, हे विचारू नये.

पखवाजवाल्यांची तऱ्हाच निराळी. त्यांचं पाठांतर तोंडात असतं. हातावर टाळी-खाली देत आधी म्हणायचं: धा धा दिं ता, किट धा दिं ता, किट तक गदि गन. चौतालाच्या या बारा मात्रा जिभेवरून सुटल्या की मगच पुडीला हात लावायचा. आमच्या तालुक्यातल्या आपेगावच्या शंकरबापूंना पखवाजासाठी पद्मश्री मिळाली, आणि त्यांचे चिरंजीव उद्धवबापूंनी तो वारसा पुढे नेला. त्यामुळे इकडे एखादं पोरगं वाटेनं ‘धा किट’ पुटपुटत चाललं तरी त्याला कुणी वेड्यात काढत नाही. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारा पखवाजवाला वाद्य गावात ठेवून बोल तेवढे बरोबर नेऊ शकतो. पेटीवाल्यानं काय न्यावं? भाता?

यावर आमच्या गुरुजींचं एकच सांगणं: आधी गा, मग वाजव. गळ्यात नाही ते बोटात येत नाही. मला गळा नाही म्हणून तर मी पेटी घेतली होती, पण गुरुजींशी वाद घालायचा नसतो.

म्हणून हल्ली बाजारात जाता-येता गुणगुणतो. परवा मेथी निवडताना मुखड्यावर घोळत राहिलो, तशी भाजीवाली मावशी म्हणाली, “सर, कवापासनं तेवढंच म्हणायलाव. म्होरलं येत न्हाई का?”

म्होरलं म्हणजे अंतराच. म्हणून दाखवला, आणि गंमत म्हणजे अख्खा आला, वहीशिवाय. मावशीनं ऐकून घेतला, मेथीची जुडी पिशवीत टाकली आणि पूर्ण पैसे घेतले. पेटीवर तो अजून यायचाय.